टेरझागी आणि आजीच्या घरामागची भेग

सुरुवातीलाच कबूल करते की माझं मराठी कच्चं आहे. पहिली ते दहावी कॉन्व्हेंट. घरी मराठी, शाळेत इंग्रजी, आणि सुट्टीत पोलादपूरला आजीकडे गेलं की आजीची बोली, जी या दोन्हींपेक्षा वेगळी. त्यामुळे मॅगझिनच्या मराठी विभागासाठी एखाद्या थोर व्यक्तीचं चरित्र लिहून दे, असं मॅडम म्हणाल्या तेव्हा मी आधी बरीच टाळाटाळ केली. थोर व्यक्ती म्हटलं की आपल्याकडे विश्वेश्वरय्या, कलाम आणि कल्पना चावला ही तीन नावं ठरलेली. लायब्ररीत जाऊन जुने अंक चाळले तर विश्वेश्वरय्या पाच अंकांत तीनदा येऊन गेलेले! मग ठरवलं, ज्याचं नाव आपण सिव्हिलवाले सेमिस्टरभर घेतो, व्हायव्हात ज्याच्यामुळे आपली दांडी उडते, आणि ज्याच्याविषयी आपल्याला काडीचीही माहिती नसते, त्याच्यावर लिहावं. कार्ल टेरझागी. मेकॅनिकलवाल्यांनी लगेच पान उलटू नये, कारण हा माणूस मूळचा तुमचाच.

दुसरं कारण घरचं आहे. ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

माझा जन्म जून २००५ चा. आई बाळंतपणाला माहेरी आली होती, पोलादपूरच्या वर डोंगराच्या कुशीत असलेल्या आजीच्या वाडीत. मी सव्वा महिन्याची असताना तो पाऊस झाला. मुंबईच्या लोकांना २६ जुलै म्हटलं की सांताक्रूझचा ९४४ मिलिमीटर पाऊस आठवतो. आमच्याकडे त्याच दिवसांत महाड तालुक्यातल्या दासगाव, जुई, रोहन आणि कोंडिवते या गावांवर दरडी कोसळल्या आणि दोनशेच्या आसपास माणसं गेली. आजी सांगते की ती रात्र तिने मला पोटाशी धरून जागून काढली. मला अर्थात काही आठवत नाही.

२०२१ मात्र चांगलंच आठवतं. दहावीचा निकाल नुकताच लागला होता, तोही परीक्षा न देता. २२ जुलैला सुरू झालेल्या त्या चोवीस तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. महाबळेश्वरला पडलेलं पाणी सावित्रीत येतं, आणि सावित्री पोलादपूरवरून महाडला येते. महाडची बाजारपेठ बुडाली. त्याच दिवशी तळिये गावची कोंडाळकर वाडी डोंगराखाली गेली. ऐंशीहून जास्त माणसं. कितीतरी जणांचे देहसुद्धा मिळाले नाहीत. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीलाही दरडी आल्या. आजीच्या वाडीला काही झालं नाही. फक्त घरामागच्या उतारावर, फणसाच्या जरा वर, जमिनीला एक भेग पडली. पंधरा-वीस पावलं लांब, हात जाईल एवढी रुंद. नंतर पाहणीला माणसं आली, फोटो काढले, पावसाळ्यात इथे राहू नका म्हणून सांगून गेली. आजी राहिली.

मी सिव्हिलला अॅडमिशन घेतली तेव्हा आजीने पेढा तोंडात टाकता टाकता विचारलं, की आता तू इंजिनिअर होणार, तर ही भेग कशाने पडली आणि पुढे काय होणार ते सांग. मी काहीतरी थातूरमातूर बोलले. दोन वर्षं तो प्रश्न तसाच राहिला. पाचव्या सेमिस्टरला सॉईल मेकॅनिक्स आलं, आणि पहिल्याच काही लेक्चर्समध्ये सरांनी फळ्यावर एक ओळीचं समीकरण लिहिलं. एकूण ताण वजा पाण्याचा दाब म्हणजे इफेक्टिव्ह स्ट्रेस. वर्गात कुणी मान वर करून बघितलंही नाही, इतकं साधं! माझ्या डोळ्यांसमोर मात्र फणसाच्या वरची ती जागा आली. मग हे समीकरण ज्याचं त्याच्यामागे लागले.

कार्ल टेरझागीचा जन्म २ ऑक्टोबर १८८३ चा, प्राग शहरातला. (गांधीजयंतीला वाढदिवस, लक्षात ठेवायला सोपं.) प्राग तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होतं आणि वडील लष्करी अधिकारी होते. वडील निवृत्त झाल्यावर कुटुंब ग्राझला आलं. दहाव्या वर्षी मुलाला लष्करी निवासी शाळेत घातलं. तिथे त्याला कवायतीपेक्षा भूगोल आणि आकाशातले तारे जास्त आवडू लागले. १९०० साली तो ग्राझच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत मेकॅनिकल इंजिनिअरिंगला दाखल झाला. अहोजाहो करून लिही असं एका सरांनी सुचवलं होतं, पण यापुढचं वाचल्यावर तुम्हीच सांगा, या मुलाला अहोजाहो कसं करायचं? लेक्चर्स बुडवणं, दारू, तलवारीची द्वंद्वयुद्धं, डोंगरात भटकणं, आणि असे काही उद्योग की कॉलेजातून काढून टाकायची वेळ आली. किस्सा असा सांगतात की एका प्राध्यापकाने त्याची बाजू घेतली. या संस्थेने आजवर ज्या मोजक्या मुलांना काढलं त्यांत एक टेस्ला होता, याची त्याने बाकीच्यांना आठवण करून दिली म्हणे. खरं-खोटं काहीही असो, टेरझागी वाचला आणि १९०४ साली चांगल्या गुणांनी पास झाला. हॉस्टेलमधल्या काही मित्रांना हा परिच्छेद फार आवडेल, पण शेवटचा अर्धा भागही वाचावा ही विनंती.

मेकॅनिकलची डिग्री हातात, आणि जीव सगळा दगडमातीत. लष्करी सेवेच्या वर्षात त्याने गाइकी नावाच्या ब्रिटिश भूवैज्ञानिकाच्या एका पुस्तकाचं जर्मन भाषांतर केलं. मग एका बांधकाम कंपनीत नोकरी. क्रोएशियाच्या चुनखडीच्या डोंगरात जलविद्युत योजनेची पाहणी, पुढे रशियात सेंट पीटर्सबर्गला पायाचं काम. साइटवर त्याला एक गोष्ट सारखी खुपत होती. पोलादाचा तुळईवरचा ताण पैशापैशापर्यंत काढता येत होता, पण ती तुळई ज्या खांबावर, तो खांब ज्या पायावर आणि तो पाया ज्या मातीवर उभा, त्या मातीबद्दल सगळा अंदाजपंचे कारभार. इमारती कलायच्या, धरणं फुटायची, रिटेनिंग वॉल पडायच्या, आणि मग नशिबाला किंवा ठेकेदाराला दोष.

१९१२ साली डॉक्टरेट झाल्यावर तो अमेरिकेला गेला. तिथे पश्चिमेकडे मोठमोठी धरणं बांधली जात होती. त्याचा विचार साधा होता. प्रत्येक ठिकाणचं भूशास्त्र लिहून घ्यायचं, तिथल्या बांधकामाचं काय झालं तेही लिहायचं, आणि दोन्ही समोर ठेवले की नियम सापडेल. तो जवळजवळ दोन वर्षं हिंडला. पैसे कमी पडले तेव्हा ड्रिलिंगवर मजुरी केली. वह्या भरल्या. आणि हाती काय लागलं? काहीच नाही. कारण भूशास्त्र म्हणत होतं वाळू, गाळ, चिकणमाती. पण एका ठिकाणची चिकणमाती धरण पेलत होती आणि दुसऱ्या ठिकाणची झोपडी पेलत नव्हती. नाव एकच, वागणूक वेगळी. १९१३ च्या अखेरीस तो खचून परत आला. मला त्याच्या आयुष्यातला हा भाग सगळ्यात जवळचा वाटतो, कारण आपण अपयश म्हणतो ते बहुतेक वेळा के.टी. असते आणि सहा महिन्यांत सुटते. याने तिशीची दोन वर्षं घालवली आणि फक्त एवढं शिकला, की नावं पुरत नाहीत, आकडे पाहिजेत.

मग पहिलं महायुद्ध. काही काळ त्याने बांधकाम करणाऱ्या सैनिकांची तुकडी सांभाळली. १९१६ मध्ये त्याचे जुने प्राध्यापक फोर्कहाइमर यांच्यामुळे त्याला कॉन्स्टँटिनोपलला, म्हणजे आजच्या इस्तंबूलला, ऑटोमन साम्राज्याच्या इंजिनिअरिंग शाळेत शिकवायला पाठवलं. १९१८ मध्ये युद्ध हरलं, साम्राज्य गेलं आणि नोकरीही गेली. बॉस्फरसच्या काठी रॉबर्ट कॉलेज नावाचं अमेरिकन कॉलेज होतं, तिथे त्याला शिकवायची नोकरी मिळाली. पगार बेताचा, लॅब नाही. त्याने कॉलेजच्या भंगारातून सामान उचललं, सिगारचे डबे जमवले आणि स्वतःची उपकरणं बनवली. आधी वाळूवर प्रयोग. वाळू भिंतीवर किती रेटा देते, भिंत जराशी हलली तर रेटा किती कमी होतो. मग त्याने चिकणमाती हातात घेतली, आणि इथेच आपल्या सगळ्यांच्या व्हायव्हाचा जन्म झाला.

चिकणमातीचा ओला तुकडा एका कड्यात बसवायचा, वरखाली पाणी झिरपेल असे सच्छिद्र दगड ठेवायचे आणि वरून वजन द्यायचं. आपल्या लॅबमधला कन्सॉलिडोमीटर हाच. पाव मिनिट, एक, सव्वादोन, चार मिनिटं असं घड्याळाकडे बघत डायल गेजचं रीडिंग घ्यायचं, चोवीस तास थांबायचं, वजन दुप्पट करायचं, पुन्हा तेच. (आमच्या बॅचने पहिल्या दिवशी रात्रीची रीडिंग्ज मनानेच भरली होती. सरांना ग्राफ बघून एका मिनिटात कळलं.) वजन ठेवल्या ठेवल्या माती दबत नाही, हळूहळू दबते. का?

श्रीखंडाचा चक्का बांधतात ते आठवा. दही फडक्यात बांधून टांगलं की पाणी थेंब थेंब गळतं आणि गोळा लहान होत जातो. घाई झाली म्हणून आजी वर वरवंटा ठेवते, तरी पाणी त्याच्या वेळेनेच निघतं. चिकणमाती तशीच. तिच्या कणांमधल्या फटी इतक्या बारीक, की पाणी लवकर वाट काढू शकत नाही. वजन दिलं की ते आधी पाणी उचलतं. पाणी जसजसं बाहेर पडतं तसतसा तो भार मातीच्या कणांच्या सांगाड्यावर येतो, आणि सांगाडा जवळ जवळ येतो म्हणून जमीन दबते. माती दबते किंवा टिकते ती एकूण वजनाने नव्हे, तर एकूण वजनातून पाण्याचा दाब वजा करून जे उरतं त्याने. हेच ते फळ्यावरचं समीकरण. पाणी किती वेळात बाहेर पडेल याचं गणित त्याला उष्णतेच्या गणितासारखं दिसलं. तापलेली सळी जशी थंड होत जाते तसाच जमिनीतल्या पाण्याचा जादा दाब उतरत जातो. १९२३ साली त्याने ते प्रसिद्ध केलं आणि १९२५ साली जर्मनमध्ये त्याचं पुस्तक आलं. सॉईल मेकॅनिक्सचा जन्म त्या वर्षी झाला असं मानतात. त्याच वर्षी अमेरिकेतल्या एमआयटीने त्याला बोलावून घेतलं. बारा वर्षांपूर्वी जिथून रिकाम्या हाताने परतला त्याच देशात.

त्याच्या अमेरिकेतल्या त्या पहिल्या मुक्कामात, मार्च १९२७ मध्ये, आमच्या महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काहीही संबंध नाही, हे मला कळतं. पण तारखा शेजारी शेजारी लिहिल्यावर मी थांबले. महाडचं नाव देशभर झालं ते पाण्यामुळेच, बाबासाहेबांनी त्या पाण्याला हात लावल्यामुळे.

आता शहरं. वेळेचं गणित सांगतं की लागणारा काळ थराच्या जाडीच्या वर्गाने वाढतो. लॅबमधला २० मिलिमीटरचा तुकडा एका तासात जेवढा दबेल, तेवढं दबायला त्याच मातीच्या २० मीटरच्या थराला दहा लाख तास लागतील. म्हणजे ११४ वर्षं! आणि वजन वरूनच ठेवायला पाहिजे असंही नाही. बोअर मारून खालचं पाणी उपसलं तरी तेच होतं. जमिनीखालचं पाणी वरच्या भाराचा एक वाटा उचलत असतं. त्याचा दाब काढून घेतला की तो वाटा मातीच्या सांगाड्यावर येतो. पाण्याची पातळी दहा मीटर खाली गेली, तर प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे दहा टनांचा जादा भार आल्यासारखं होतं. मग ते शहर हळूहळू खाली बसू लागतं, आणि बोअर बंद केले तरी बसलेलं परत वर येत नाही म्हटलं तरी चालेल.

मेक्सिको सिटी हे त्याचं मोठं उदाहरण. जुन्या तलावाच्या गाळावर वसलेलं शहर, खालच्या मातीत मातीपेक्षा पाण्याचं वजन जास्त. विसाव्या शतकात त्या शहराचा काही भाग नऊ मीटरच्या आसपास खाली गेला, म्हणजे आपल्या हॉस्टेलचे तीन मजले. स्वातंत्र्याच्या स्मारकाचा खांब खोल पायावर असल्याने जागेवर राहिला आणि भोवतीचा रस्ता खाली गेला, म्हणून त्याला आणखी पायऱ्या जोडाव्या लागल्या. हे उपशामुळे होतंय हे १९४० च्या दशकात टेरझागीचंच गणित वापरून दाखवलं ते नाबोर कारिल्लो या मेक्सिकन इंजिनिअरने. तो हार्वर्डला शिकलेला, आणि तेव्हा टेरझागी तिथेच होता. जकार्ता, बँकॉक, व्हेनिस, सगळीकडे थोड्याफार फरकाने हीच गोष्ट. आपल्याकडे दिल्लीत विमानतळाजवळच्या कापसहेडा भागात उपग्रहाच्या रडारने मोजलं तेव्हा जमीन वर्षाला दहा सेंटिमीटरहून जास्त वेगाने खचताना दिसली. द्वारकेच्या काही भागात मात्र उपशावर बंधनं आल्यावर आणि पावसाचं पाणी जिरवल्यावर खचणं थांबलेलं आढळलं.

मग लातूर का खचत नाही, असा प्रश्न मी वर्गात विचारला होता. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं, इतकं तिथलं पाणी संपलं होतं. बोअर खोल खोल गेले. उत्तर खडकात आहे. आपल्या महाराष्ट्राचा मोठा भाग बेसॉल्टवर बसलाय. पाणी असतं ते खडकाच्या भेगांत. ते उपसलं तरी खडकाचा सांगाडा चिकणमातीसारखा दबत नाही. आपण विहीर रिकामी करतो, घर खाली जात नाही, म्हणून आपल्याला काही बिघडलंय हेच कळत नाही. (उन्हाळ्यात हॉस्टेलचा बोअर आटला आणि टँकर आला की कळतं, पण तेही बादलीपुरतंच.)

टेरझागी १९२९ मध्ये व्हिएन्नाला प्राध्यापक म्हणून परतला. १९३० मध्ये त्याने रूथ डॉगेट या अमेरिकन भूवैज्ञानिक तरुणीशी लग्न केलं. हे त्याचं दुसरं लग्न. त्या वर्षांत तो युरोपभर सल्ला देत फिरला. रशियात गेला, आणि न्यूरेंबर्गला नाझी पक्षाच्या मेळाव्यांसाठी जी अवाढव्य बांधकामं चालली होती त्यांच्या पायाबद्दलही त्याचा सल्ला घेतला गेला. हे वाचून मला बरं वाटलं नाही. माती कुणाची आहे हे माती विचारत नाही, पण इंजिनिअरने विचारायला काय हरकत होती?

व्हिएन्नाला आणखी एक गोष्ट घडली. टेक्स्टबुकात नसते, म्हणून सविस्तर लिहिते. त्याच संस्थेत पॉल फिलुंगर नावाचे मेकॅनिक्सचे प्राध्यापक होते. धरणाच्या काँक्रीटमधल्या पाण्याच्या दाबावर त्यांनी टेरझागीच्या आधी, १९१० च्या दशकातच प्रयोग केले होते. टेरझागीचं गणित त्यांना ढोबळ आणि चुकीचं वाटायचं. वाद वाढत गेला. १९३६ च्या अखेरीस फिलुंगरांनी एक पुस्तिका छापली. तिच्यात शास्त्रीय टीका होतीच, पण टेरझागी अज्ञानी आहे आणि लोकांना फसवून पैसे कमावतो अशा स्वरूपाचे वैयक्तिक आरोपही होते. संस्थेने चौकशी समिती नेमली. समितीचं मत टेरझागीच्या बाजूने गेलं. मार्च १९३७ मध्ये फिलुंगर आणि त्यांच्या पत्नी, दोघांनी एकत्र जीव दिला.

पुढे कित्येक वर्षांनी अभ्यासकांनी ती पुस्तिका पुन्हा उघडली. माती आणि पाणी ही दोन वेगळी द्रव्यं मानून, दोघांची समीकरणं एकत्र सोडवायची फिलुंगरांची रीत पायाशुद्ध होती आणि काळाच्या पुढची होती असं त्यांनी दाखवून दिलं. म्हणजे टेरझागीचं गणित कामापुरतं बरोबर, आणि ज्याला चुकीचं ठरवलं गेलं त्याच्याकडे अधिक पूर्ण गणित. पण वैयक्तिक आरोपांच्या राड्यात ते कुणी वाचलंच नाही. मी हे रूममेटला सांगितलं तर तिने विचारलं की मग हिरो कोण? मला उत्तर देता आलं नाही. अजूनही येत नाही.

१९३८ मध्ये ऑस्ट्रिया जर्मनीने गिळला आणि टेरझागी कुटुंबासह अमेरिकेत हार्वर्डला गेला, तो कायमचा. शिकागोत तेव्हा मऊ चिकणमातीतून भुयारी रेल्वे खोदली जात होती आणि वरच्या इमारती खचायची भीती होती. टेरझागी सल्लागार झाला आणि रोजची मापं घ्यायला राल्फ पेक नावाचा तरुण इंजिनिअर साइटवर ठेवला. पुढे दोघांनी मिळून १९४८ साली पुस्तक लिहिलं, आपल्या लायब्ररीत त्याच्या दोन प्रती आहेत (एक बांधणीतून सुटलेली). टेरझागीची पद्धत अशी की जमिनीबद्दल आधीच सगळं कळेल या भ्रमात राहायचं नाही. जेवढं माहीत आहे त्यावर आराखडा करायचा, काम चालू असताना मापं घेत राहायची, आणि माप वेगळं सांगायला लागलं की आराखडा बदलायची तयारी आधीपासून ठेवायची. गणिताचा मोठा माणूस, पण म्हातारपणी गणितावर आंधळा विश्वास ठेवणाऱ्यांवरच तो जास्त चिडायचा.

बाकीचं भराभर सांगते. अमेरिकन सिव्हिल इंजिनिअर्सच्या संस्थेचं नॉर्मन मेडल चार वेळा. इजिप्तच्या आस्वान धरणाच्या सल्लागार मंडळाचं अध्यक्षपद, जे रशियन इंजिनिअर्सशी न पटल्यामुळे १९५९ मध्ये सोडलं. कॅनडात ब्रिटिश कोलंबियामध्ये त्याने दबणाऱ्या चिकणमातीवर उभं केलेलं मिशन धरण, ज्याला पुढे १९६५ मध्ये त्याचं नाव दिलं गेलं. ते बघायला तो नव्हता. २५ ऑक्टोबर १९६३ रोजी मॅसॅच्युसेट्समधल्या विंचेस्टरला, ऐंशीव्या वाढदिवसानंतर तीन आठवड्यांनी, तो गेला.

पण मला सगळ्यात जास्त उपयोगी पडला तो त्याचा १९५० सालचा लेख. विषय, दरडी कशा कोसळतात. सरांनी त्याची झेरॉक्स दिली तेव्हा वाटलं दहा पानांत झोप येईल. रात्री दोन वाजेपर्यंत वाचत बसले.

आमच्याकडे सगळे म्हणतात की पाण्याने माती बुळबुळीत होते आणि घसरते. मीही तेच मानायचे. टेरझागीने हे खोडून काढलंय. कोकणातली माती जूनच्या दुसऱ्या आठवड्यातच भिजून चिंब होते. बुळबुळीत होऊनच घसरायची असती तर सगळे डोंगर जूनमध्येच खाली आले असते. खरं कारण पुन्हा तेच समीकरण, फक्त उलट्या बाजूने. सावित्रीत गळ्याइतक्या पाण्यात उभं राहिलं की पाय दगडावर टेकलेले असतात, पण पकड राहत नाही. कारण आपलं वजन पाण्याने उचललेलं असतं. डोंगराचंही तसंच होतं. वर झिजलेल्या खडकाची आणि मातीची जाड गोधडी, खाली न झिजलेला बेसॉल्ट. पाणी गोधडीतून खाली मुरतं आणि खडकावर अडतं. पाऊस थांबेना, की तिथला दाब वाढत जातो आणि गोधडी खालून उचलली जाते. वजन तेवढंच, उतार तोच, पण घर्षण कमी झालं. मेक्सिकोत पाणी काढल्यामुळे जमीन दबली, आमच्याकडे पाणी साठल्यामुळे जमीन सुटली. दोन्हीकडे वजाबाकी एकच.

आणि त्या लेखात आणखी एक गोष्ट आहे. दरड अचानक येते असं आपण म्हणतो, पण त्याच्या मते ती बहुतेक वेळा आधी हळूहळू सरकत असते, माथ्याजवळ भेगा पडतात, आणि बघणाऱ्यांच्या ते लक्षात येत नाही. म्हणजे आजीच्या प्रश्नाचा पहिला अर्धा भाग सुटला होता. भेग ही डोंगर हलल्याची खूण. दुसऱ्या अर्ध्या भागाचं उत्तर पुस्तकात नव्हतं. ते मोजावं लागणार होतं.

गणपतीच्या सुट्टीत, ऑगस्ट २०२५ मध्ये, मामाला घेऊन वर गेले. भेगेच्या वरच्या अंगाला एक आणि खालच्या अंगाला एक अशा दोन लोखंडी सळया ठोकल्या, टोकांवर खिळ्याने खूण केली. मामाला वाटलं कॉलेजचं प्रोजेक्ट आहे. टेप लावला. १६२.४ सेंटिमीटर. आजी काठी टेकत मागे आली होती, तिने हा आकडा कालनिर्णयच्या त्या दिवसाच्या चौकोनात माझ्याकडून लिहून घेतला. दिवाळीला पुन्हा मोजलं. १६२.९. पाच मिलिमीटर. टेप सैल धरला असेल, सळई ठोकताना माती हलली असेल, पहिल्याच पावसात ती बसली असेल, ही सगळी कारणं मी स्वतःला सांगून बघितली. सरांना दाखवलं. दोन मापांवरून काही बोलू नये, पण मोजणं सोडूही नये, असं ते म्हणाले. तालुक्याला अर्ज कुठे करायचा तेही सांगितलं. मामाने अर्ज दिलाय.

आता मामा दर पौर्णिमेला मोजतो आणि मला मेसेज करतो. नोव्हेंबर, १६२.९. डिसेंबर, १६२.९. कोरड्या दिवसांत आकडा हलत नाही, टेरझागीच्या हिशेबाने तो हलायलाही नको. खरी परीक्षा जुलैमध्ये. आजीला मी सगळं समजावलं, चक्क्याचं, नदीतल्या पायांचं, वजाबाकीचं. तिने ऐकून घेतलं. चक्क्याचं तिला पटलं, वजाबाकीचं नाही. पण जून ते सप्टेंबर खाली गावात मामाच्या खोलीवर राहायला ती तयार झाली आहे. अट एकच, गाय बरोबर येणार. मामाची खोली पहिल्या मजल्यावर आहे. गाय कुठे बांधायची ते अजून ठरलेलं नाही.